मुंढा नसलेला कुरुंग

क्वालालंपूरच्या आसपास रमजान लागायच्या आतच शिंप्यांच्या दारांवर पाट्या झळकतात: ईदच्या ऑर्डरी बंद. इथे ईदेला आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घर एकाच रंगात नटतं, त्यामुळे एका कुटुंबाची ऑर्डर म्हणजे कापडाचं ठाणच. मी गेले त्या शिंप्याने तर मापाची टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही, नुसती मान हलवली.

शाह आलममध्ये (क्वालालंपूरजवळच्या शहरात) राहायला आल्यापासून मी बाजू कुरुंग, म्हणजे मलय बायकांचा लांब सदरा आणि खाली घेर, वापरत होते, पण तयार मिळतो तो. (‘बाजू’ म्हणजे मलयमध्ये कपडा.) मागे चेन, कमरेला टक्स (कपडा अंगाबरोबर बसवणाऱ्या चिमट्या), गोल कापलेला मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच. याला इथे ‘कुरुंग मोडेन’ म्हणतात. फोटोत छान दिसतो; दुपारच्या दमट उकाड्यात मात्र पाठीला चिकटतो आणि हात वर केला की अख्खा वर चढतो. समोरच्या घरातल्या मकचिक (काकू-मावशीच्या वयाच्या कुणाही बाईला इथे हीच हाक) जुन्या पद्धतीचा सुती कुरुंग घालतात. त्यातच कपडे वाळत टाकतात, माळ्यावरचे डबे काढतात, तरी सदरा जागचा हलत नाही. मला शिवणकाम येतं, त्यामुळे ते कसं जमतं हे डोक्यातून जाईना. शेवटी विचारलं. म्हणाल्या, “कापड घेऊन ये. चार मीटर. सॅटिन नको.”

जालान तुआंकू अब्दुल रहमानवर कापडाच्या दुकानांची रांगच आहे आणि ईदेच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. बारीक विखुरलेल्या फुलांचं कॉटन घेतलं. सदरा आणि खालचा घेर, दोन्ही एकाच कापडाचे.

बेतायला बसलो तेव्हा मी सवयीने मुंढ्याचा गोल आखायला खडू उचलला. मकचिकनी तो हातातून काढून घेतला. या सदऱ्यात गळा सोडला तर एकही गोलाई नाही. अंगाचा भाग म्हणजे पुढून मागे गेलेली एकच सरळ पट्टी. ती खांद्यावर फक्त दुमडायची. खांद्याला शिलाईच नाही. बाह्या सरळ, त्या अंगाच्या कडेला तशाच सरळ जोडायच्या. मग राहतात पसाक, म्हणजे दोन्ही कुशींना लावायच्या कळ्या, वर अरुंद आणि खाली रुंद. एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या की चिंधी जवळजवळ निघत नाही. आणि शेवटी केकेक: काखेत बसवायचा हातरुमालाच्याही निम्म्याने असा चौकोनी तुकडा.

सगळी किमया या तुकड्याची आहे. तो कोनावर दुमडून बाही, अंग आणि कळी या तिघांच्या मध्ये बसतो. हात उचलला की तो उघडतो, त्यामुळे बाकीचं कापड ओढलं जात नाही. बसवणं मात्र कटकटीचं. चारी कोपऱ्यांना माया नेमकी सोडावी लागते, नाहीतर टोकाशी चुणी पडते. मकचिक मशीन थांबवून सुई कापडातच ठेवायच्या आणि कापड फिरवायच्या. तीच युक्ती मी उचलली. टक्स घालू का, असं मी एकदा विचारून पाहिलं. “कशाला? वारा कुठून जाणार?” एवढंच उत्तर मिळालं.

गळ्याचं काम हाताचं. मकचिक मूळच्या मुआरच्या, म्हणजे जोहोर राज्यातल्या, त्यामुळे गळा तेलोक बलांगाच हवा: कॉलर नाही, पुढे छोटी चीर, वर एक बटण. ही धाटणी जोहोरचे सुलतान अबू बकर (कारकीर्द १८६२ ते १८९५) यांच्या नावाशी जोडली जाते आणि जोहोरचे लोक ते अभिमानाने सांगतात. उभ्या कॉलरीचा प्रकार म्हणजे चेकाक मुसांग. तेलोक बलांगाच्या गळ्याची कड ‘तुलांग बलुत’ टाक्याने बांधतात. शब्दशः ‘वाम माशाचं हाड’, आणि दिसतोही तसाच, दाट आणि काट्याकाट्याचा. हे काम इतकं बारीक आहे की संध्याकाळच्या संध्याकाळी त्यात जातात. बहुतेक शिंपी याचे वेगळे पैसे घेतात आणि माझ्या मते ते घ्यावेतच.

घेराला वेळ लागला नाही. खालचं वस्त्र म्हणजे रुंद नळा, त्याच्या एका कुशीला एकावर एक पट्ट्या घालून त्या इस्त्रीने बसवायच्या. या पट्ट्यांना ओम्बाक म्हणतात. आपल्या निऱ्या समोर येतात, या बाजूला. निऱ्यांची सवय असलेल्या बाईला ते अवघड नाहीच; मकचिकनी पहिल्यांदा कौतुकाने बघितलं ते इथे.

नवऱ्याचा बाजू मलायू, म्हणजे पुरुषांचा मलय पोशाख, तयारच आणला. शर्ट, पायजमा, डोक्यावर काळी सोंगकोक टोपी. प्रश्न होता सांपिंगचा, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या आखूड लुंगीचा. चेकाक मुसांगवर ती शर्टाच्या वरून बांधतात, तेलोक बलांगाला शर्टाच्या आतून; उलट केलं की मलय माणसाच्या लगेच लक्षात येतं. मकचिकच्या यजमानांनी आपली तेरेंगानू राज्यातली हातमागाची सोंगकेत सांपिंग उसनी दिली. सोंगकेतमध्ये विणतानाच जादा सोनेरी धागा आडवा भरतात. त्यासाठी उभे धागे मोजून, काड्यांनी उचलून नक्षी आधी लावून घ्यावी लागते. २०२१ साली युनेस्कोने या कलेचा आपल्या वारसायादीत समावेश केला. या सांपिंगवर एका रुंद पट्ट्यात बांबूच्या कोंबांचे त्रिकोण होते. तो पट्टा मागे ठेवायचा, दोन्ही बाजूंचं कापड पुढे आणून एकावर एक घ्यायचं आणि कमरेशी घट्ट वळायचं. “बसताना आधी गुडघ्याशी सैल कर,” अशी सूचनाही मिळाली. देताना त्यांनी ती घडी करून नव्हे, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून दिली, कारण घडीच्या रेषेवर सोनेरी धागा तुटतो. पैठणीची घडी बदलून ठेवणाऱ्या सासूबाईंना हे फोनवर सांगितलं, तर त्यांनी लगेच नळी कुठे मिळते ते विचारलं.

ईदेला चार घरं फिरलो. वाकून, मांडी घालून, रेंदांगची (मसालेदार मटणासारख्या पदार्थाची) भांडी उचलून झाली, तरी सदरा जागचा हलला नाही.

तुम्हाला तयारच घ्यायचा असेल, तर दुकानात आधी बाही उचलून काख बघा. चौकोन असेल तर पुढची चौकशी करा. मग खांद्यावर बोट फिरवा, शिलाई लागायला नको. गळ्याचा टाका मशीनचा असला तर चालतो. काखेत तडजोड करू नका. आणि मापात नेहमीपेक्षा एक नंबर मोठा मागू नका, तो आधीच ढगळ बेतलेला असतो.