सव्वा इंची रुळावरची गाडी

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि माळा रिकामा करणं आलं. पितळी भांडी, पाट, समया घ्यायला नातेवाईक लगेच पुढे झाले. आजोबांची पत्र्याची आगगाडी मात्र कुणालाच नको होती. चावीची दोन इंजिनं, काही डबे आणि गोणपाटात गुंडाळलेले रुळांचे तुकडे. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत कारकून होते. स्वातंत्र्याच्या सुमारास विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानातून ती आमच्याकडे आली, असं आई सांगते.

कबाड्याने सरळ तराजू काढला. "पत्र्याचा भाव लावतो ताई, लोखंडाचा नाही भेटत याला." भाव ऐकून आईने त्याला चहा पाजला आणि रवाना केलं.

मग मी गाडी उलटीपालटी करून बघितली. कोळशाच्या डब्यावर 'एलएमएस' अशी अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरांत मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल. म्हणजे हॉर्नबी, मेकॅनोच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचं नाव. या कंपनीच्या आगगाड्या १९२० पासून निघाल्या आणि एलएमएस नावाची रेल्वे इंग्लंडात १९२३ साली झाली. त्यामुळे आमची गाडी त्याआधीची असूच शकत नाही. वय माहीत असलेलं बरं. आपल्या १९७२च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी वस्तू कुणालाही परस्पर परदेशी पाठवता येत नाही. बाहेरदेशातून एक विचारणा आली तेव्हा मी हेच कारण पुढे केलं. खरं म्हणजे त्या गृहस्थाला फक्त इंजिनं हवी होती, डबे नको, आणि ते मला पटत नव्हतं.

भाचीला ती मुलासाठी हवी होती. पण त्या काळच्या रंगात शिसं असायचं, आणि पत्र्याच्या कडा बोट कापतील अशा. तिला नाही म्हटलं, थोडी रुसली.

गल्लीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच, मोतीबागेत देऊन टाका. कडबी चौकाजवळचं ते नॅरोगेज संग्रहालय २००२ साली सुरू झालं. मी पुन्हा जाऊन बघून आले. तिथे अडीच फुटी रुळांवर खरोखर धावलेली इंजिनं आहेत. छिंदवाड्याची, नागभीडची छोटी गाडी ज्यांनी पाहिली त्यांचा जीव अडकावा अशी ती जागा. आमची गाडी इंग्रज मुलांचं खेळणं. ती तिथे पाहुणीच राहिली असती. दुसऱ्या एका संस्थेने काचेच्या कपाटात ठेवू म्हटलं, जागा झाली की. काचेआड चावी कोण भरणार?

शेवटी ओळखीतून अजनीचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर भेटले. फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच. "दोन रुळांमधलं अंतर मोजा." मोजलं, सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. "ओ गेज! खेळण्यातल्या रुळांचं ठरलेलं माप आहे हे. उद्या येतो. अन् ताई, पुसून-बिसून राहिले असाल तर थांबा."

काका भिंग घेऊन आले आणि आधी चाकं बघत बसले. एका इंजिनाच्या चाकांना केसाएवढ्या भेगा होत्या, कडा फुगलेल्या. हा गंज नाही, म्हणाले. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली की धातू आतूनच फुटत जातो. त्याला औषध नाही, चाकंच बदलावी लागतात. पत्र्याची जोडणी बारीक पट्ट्या खाचांतून वळवून केलेली असते. त्या उघडून पुन्हा वळवल्या की तुटतात, म्हणून तिकडे त्यांनी हात लावला नाही. दुसरं इंजिन उचललं, सुईच्या टोकाने दातेरी चाकांवर तेलाचा थेंब सोडला, चावी जेमतेम चार वळसे भरली आणि केबिनमधून बाहेर आलेली दांडी ओढली. चाकं घरघरत फिरली. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

माझ्या अटी दोन: संच फोडायचा नाही, रंग द्यायचा नाही. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर जरा रागावलेच. "नवा रंग मारतो तो गाडीवाला नसतो, ताई." फुकट घ्यायला ते तयार नव्हते. आकडा सांगत नाही; कबाड्यापेक्षा पुष्कळ जास्त, ऑनलाइन मागतात त्यापेक्षा बराच कमी.

मध्यंतरी अजनीला जाऊन आले. हॉलमध्ये गोल रूळ मांडलेले, गाडी पळत होती. काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता सोफा कुठं ठेवू ते तूच सांग. हे तर रूळ उचलूच नाही देऊन राहिले." भेगांचं इंजिन अजून पेटीत आहे; त्या मापाची चाकं कुणी ओतून देईल का, याची चौकशी काका इतवारीत करताहेत.