लंडन ब्रिजवर भेटू म्हणालो आणि चुकलो

मावसभावाशी ठरलं होतं, सकाळी दहाला लंडन ब्रिजवर भेटायचं. मी पाच मिनिटं आधीच दोन उंच मनोऱ्यांच्या त्या प्रसिद्ध पुलावर हजर. सव्वादहाला त्याचा फोन, "अरे, आहेस कुठे?" म्हटलं, "पुलाच्या बरोबर मधोमध." तोही मधोमधच उभा होता, पण पलीकडच्या पुलावर.

तर पहिली गोष्ट ही: कॅलेंडरवर दिसतो तो टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज त्याच्या पश्चिमेला, सपाट, काँक्रीटचा, १९७३ साली सुरू झालेला. त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. टॉवर ब्रिजचा फोटो मात्र त्याच्यावरूनच झकास येतो. स्टेशनंही वेगळी. टॉवर ब्रिजसाठी टॉवर हिलला उतरा, नाहीतर माझ्यासारखी पायपीट होईल.

टॉवर ब्रिज बघून 'काय जुना किल्ल्यासारखा पूल!' असं वाटतं. मलाही वाटलं होतं. बांधकाम १८८६ ते १८९४ मधलं. आत पोलादी सांगाडा आणि वरून ग्रॅनाइट व पोर्टलंडच्या दगडाचं आवरण. शेजारच्या टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याशी शोभावं म्हणून चढवलेला हा वेष आहे. खरं यंत्र बघायचं तर पुलाच्या मध्यावर, जहाजांना वाट देण्यासाठी वर उचलल्या जाणाऱ्या दोन भागांच्या सांध्यापाशी थांबा. फटीतून खाली नदीचं पाणी दिसतं, आणि बस गेली की पायाखाली थरथर जाणवते. हे फुकट.

हा पूल फक्त समारंभाला उघडतो, असाही एक समज आहे. वर्षाला साधारण आठशे वेळा उघडतो. जहाजवाल्यांनी किमान २४ तास आधी कळवायचं, पैसे लागत नाहीत. वेळा पुलाच्या संकेतस्थळावर आधीच जाहीर होतात. त्या बघूनच दिवस आखा आणि पंधरा मिनिटं आधी काठावर जागा धरा, पुलावर नाही. डिसेंबर १९५२ मध्ये पूल उचलला जात असताना ७८ नंबरची बस वर होती. ड्रायव्हर अल्बर्ट गंटर याने वेग वाढवून ती पलीकडच्या भागावर उडी मारून नेली!

दोन्ही मनोऱ्यांना जोडणाऱ्या वरच्या मार्गिकेत काचेची जमीन आहे, तिकीट लागतं. लोक तिथे झोपून फोटो काढतात. मला त्यापेक्षा दक्षिण टोकाची इंजिनखोली आवडली, त्याच तिकिटात आहे. वाफेच्या जोरावर पाण्याचा दाब साठवून पूल उचलायचे. १९७६ पासून काम तेल आणि विजेवर चालतं.

आता विकलेला पूल. १८३१ चा लंडन ब्रिज १९६८ साली रॉबर्ट मॅकलॉक या अमेरिकन उद्योजकाने २४,६०,००० डॉलरला घेतला. त्याला टॉवर ब्रिज घेतोय असं वाटलं, ही गोष्ट तुम्हाला हमखास कुणीतरी ऐकवेल. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दोघांनीही ती नाकारली होती. शिवाय अख्खा पूल काही गेला नाही. दर्शनी दगडांवर आकडे घालून ते अ‍ॅरिझोनातल्या लेक हावासू सिटीला नेले आणि काँक्रीटच्या नव्या सांगाड्यावर बसवले.

त्याच्याही आधीचा, १२०९ साली पुरा झालेला पूल सहाशेहून जास्त वर्षं टिकला. त्यावर घरं होती, दुकानं होती, चॅपल होतं. तो शोधायला मॉन्युमेंट स्टेशनवरून निघा. जवळच सेंट मॅग्नस चर्च आहे. अठराव्या शतकात पुलावरची पायवाट त्याच्या मनोऱ्याखालून जायची. आत जुन्या पुलाची मोठी प्रतिकृती आहे. तिथे दहा मिनिटं म्हणून गेलो आणि पाऊण तास रेंगाळलो. चर्च उघडं असल्याची खात्री आधी करून घ्या.

मग आजचा लंडन ब्रिज ओलांडून गाय्ज हॉस्पिटलच्या आवारात शिरा. घरं पाडल्यावर त्या जुन्या पुलावर पादचाऱ्यांसाठी दगडी कोनाडे बांधले होते, त्यातला एक इथे आहे. त्यात इंग्रज कवी कीट्सचा पुतळा बसलाय. तो इथेच वैद्यकी शिकला. त्याच्या बाजूला जेमतेम एका माणसाची जागा उरते. भाऊ आधी बसला. सकाळी पाऊण तास उभं केल्याचा वचपा म्हणून आरामात बसला, आणि मी फोटो काढत उभा.