तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट सुचते कुठून?

कथा लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढं सगळं सुचतं कुठून हो?" कोणी कौतुकाने विचारतं, कोणी जरा संशयानेच. माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो. मला आधी जागा लागते, माणसं मागून येतात.

गिरगावातली चाळ घेतली, तर जिना कुठल्या अंगाला, गॅलरीच्या टोकाला नळ की संडास, खोलीत शिरल्यावर मोरी डाव्या हाताला की उजव्या, हे पक्कं झाल्याशिवाय माझी नायिका तोंड उघडत नाही. एकदा झालं की ती बादली उचलून निघते, आणि वाटेत कोणाच्या दारात रेंगाळायचं ते तिचं तीच ठरवते.

ही माझीच लहर, असं वाटायचं. मग हिप्पोकॅम्पसबद्दल वाचलं. कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला हा भाग. जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं नोबेल त्यासाठीच. शहरभरचे रस्ते डोक्यात ठेवणाऱ्या लंडनच्या टॅक्सीवाल्यांमध्ये या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असल्याचं एलिनर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं. पुढे ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांशी तुलना केली, तरी टॅक्सीवाल्यांचीच मोठी निघाली. (आपल्या बेस्टवाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

मला खरा धक्का बसला तो २००७ च्या अभ्यासाने. डेमिस हसाबिस, मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना सांगितलं, समजा तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय दिसतंय? आठवायचं काहीच नव्हतं, नुसतं कल्पायचं होतं. तरी बहुतेकांची वर्णनं तुटक आली. तपशील सुटे सुटे, सगळ्यांची मिळून एक जागा काही होईना.

यावरून हिप्पोकॅम्पस म्हणजे गोष्टींचा कारखाना, असं कोणी म्हणालं तर मी हात जोडीन. कल्पनेला मेंदूचे इतरही भाग लागतात, आणि त्या रुग्णांतल्या एकाला हे बऱ्यापैकी जमलंही होतं. पण रस्ता आणि गोष्ट एकाच घरात नांदतात, एवढं मला पटलंय.

म्हणून नवं लिहिणाऱ्यांना सांगते: चर्नी रोडला पूर्वेला उतर आणि मनातल्या मनात ठाकुरद्वारपर्यंत चालत जा. जिथे पुढचं काही आठवणार नाही, तिथे स्वतःच्या मनाने एक दुकान टाक. गल्ल्यावर कोण बसलंय, ते मला येऊन सांग.