ड्रॉ लंडनचा, पॅन कार्ड मानेवाड्याचं

नागपुरात मानेवाडा रोडवर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सीईटी, पॅन, पासपोर्टची अपॉइंटमेंट, रेल्वे भरती, सगळं चालतं. अलीकडे त्यात एक नवं काम आलंय. पोट्टे येतात, दुकानात दुसरं कोणी नाही हे बघतात आणि हळूच विचारतात, “काकू, तो लंडनवाला ड्रॉ निघाला का?” हळूच, कारण घरी अजून सांगितलेलं नसतं.

हा ड्रॉ म्हणजे वर्किंग हॉलिडे प्रकारातल्या व्हिसाची सोडत. तरुणपणी एक-दोन वर्षं परदेशात राहायचं, फिरायचं, आणि खर्च भागवायला तिथंच मिळेल ते काम करायचं. आधी कंपनीचं ऑफर लेटर लागत नाही, हीच यातली गंमत. मला विचारायला येणारे दोनच देशांसाठी येतात. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स स्कीम २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, ज्याला सगळे ‘४६२’ म्हणतात, तो भारतीयांना २०२४ पासून खुला झाला. कॅनडाचं नाव घेऊन कोणी येत असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा. त्यांच्या या प्रकारच्या योजनेत भारत नाहीच.

एजंट लोकांचं काय चालू असतं ते मी रोज ऐकते. आमच्याच लाइनीतल्या एका घरानं ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला साठ हजार मोजले. अहो, ब्रिटनच्या सोडतीत नाव टाकायला एक रुपया लागत नाही! ऑस्ट्रेलियाच्या सोडतीची नोंदणी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दीड हजार रुपयांच्या आत-बाहेर. नावं कॉम्प्युटर काढतो, एका माणसाचं एका सोडतीत एकच नाव, आणि कोणाच्या ओळखीनं ते वर येत नाही. ब्रिटनच्या जागा वर्षाला ३,०००, ऑस्ट्रेलियाच्या १,०००. ऑस्ट्रेलियाची पहिली नोंदणी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, तेव्हा दोनच आठवड्यांत सुमारे ४०,००० भारतीयांनी अर्ज केल्याचं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं होतं. आता या आकड्यात साठ हजारवाला काय नंबर लावणार होता, ते त्यालाच माहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच असतं, की नशिबाचं नशिबावर सोडा आणि कागदांचं आधी बघा. नंबर लागून कागदापायी अडलेल्याची हळहळ नंबर न लागलेल्यापेक्षा जास्त असते.

ब्रिटनची सोडत वर्षातून दोनदा निघते, साधारण फेब्रुवारीत आणि जुलैमध्ये, आणि नाव टाकायला दोनच दिवस मिळतात. २०२५ ची फेब्रुवारीची खिडकी १८ तारखेला दुपारी अडीचला उघडली. मला पक्कं आठवतं, कारण तेव्हा जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीची सेमीफायनल चालू होती, विदर्भ विरुद्ध मुंबई. दुकानात एका मोबाइलवर स्कोअर, माझ्या कॉम्प्युटरवर फॉर्म. फॉर्म भरणारा पोरगा स्वतः क्लब क्रिकेट खेळतो, लहान पोरांना कोचिंगही देतो. त्याचा बेत ठरलेला: इंग्लंडमध्ये जायचं, तिथल्या एखाद्या क्लबात कोचिंग करायचं, उन्हाळा काढायचा. मी नियमांचं पान त्याच्यासमोर वाचलं. या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही, आणि त्यात कोचही आला. पोरगा मिनिटभर गप्प. मग म्हणतो, “काहून बाप्पा, हॉटेलात भांडे घासलेले चालते, अन् बॅट धरायला शिकवलेली नाही चालत?” मी काय सांगू! विदर्भानं मुंबईला ८० धावांनी हरवलं, पुढे केरळविरुद्ध रणजीही जिंकली. त्याचं नाव मात्र सोडतीत आलं नाही.

ज्यांचं येतं त्यांची खरी परीक्षा बँकेत होते. ब्रिटनला २,५३० पौंड दाखवावे लागतात, पौंडाच्या भावाप्रमाणे पावणेतीन-तीन लाख. ते अर्ज करणाऱ्याच्या खात्यात सलग २८ दिवस पडून राहिलेले हवेत, आणि अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. आपल्याकडे ‘बॅलन्स दाखवायचा’ म्हणजे आदल्या दिवशी काकांकडून टाकून घ्यायचे आणि स्टेटमेंट काढलं की परत करायचे. ते इथं जमत नाही.

बी. फार्म. झालेली एक मुलगी आमच्याकडे येत असे. तिचं नाव निघालं तेव्हा वडिलांनी एफडी मोडून पैसे तिच्या खात्यात टाकले. तिसऱ्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि हॉलचा ॲडव्हान्स द्यायची वेळ आली. वडील तिला म्हणाले, “दोन दिवसांसाठी चाळीस हजार काढू दे, सोमवारी टाकतो ना.” मुलगी रडकुंडीला येऊन माझ्याकडे. मी वडिलांना दुकानात बोलावलं, खुर्ची दिली, आणि सांगितलं की भाऊसाहेब, एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. ते म्हणाले, “मग मोजा. नाव निघाल्यावर नव्वद दिवस आहेत ना तुमच्याजवळ?” हिशेब बरोबर होता त्यांचा. रिटायर्ड तलाठी, तारखांत कोणाला हरणार! पण मुलीला क्षयाची तपासणीही करायची होती. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना ती लागते, आणि तीही त्यांच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच. तिची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते आपल्या हातात नाही. शेवटी हॉलचा ॲडव्हान्स मोठ्या भावानं दिला आणि मुलीचे पैसे तसेच राहिले.

व्हिसाची फी २०२५ च्या एप्रिलपासून ३१९ पौंड होती. ती ऐकून कोणी दचकत नाही. दचकतात ते तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी भरायच्या आरोग्य अधिभाराला: वर्षाला ७७६ पौंड, दोन वर्षांचे १,५५२, अर्ज करतानाच एकरकमी. दाखवायचे पैसे वेगळे आणि हे जाणारे पैसे वेगळे, हे मी आता भिंतीवरच लिहून ठेवलंय.

वयाचं दोन्हीकडे सारखंच, १८ ते ३०. एकतिसावा वाढदिवस झाला की दार बंद. ब्रिटनला पदवी हवी. ऑस्ट्रेलियाला पदवीची किमान दोन वर्षं झालेली चालतात. तरी पदवी झाल्याचा कागद मागितला की निम्मे पोट्टे मार्कशीटचा फोटो दाखवतात. डिग्री सर्टिफिकेट काढून आणायलाच गेलेले नसतात.

नावांची भानगड तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत पासपोर्टबरोबर पॅन कार्ड लागतं. आता आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं एका ओळीत, आडनाव दुसऱ्या. पॅन मात्र बारावीनंतर घाईत काढलेलं असतं, त्यावर वडिलांचं नाव गायब किंवा नुसतं अक्षर. पासपोर्ट समोर ठेवून पॅन दुरुस्त करून घ्या, १०७ रुपये फी आहे. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीत नाव निघाल्यावर २८ दिवसांत अर्ज करायचा असतो. तेव्हा हे उकरत बसू नका.

इंग्रजीचं ऑस्ट्रेलिया फार ताणत नाही, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ पुरतात. हाताशी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि परतीच्या तिकिटाचे पैसे असावेत. व्हिसा एक वर्षाचा. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, शिक्षण चार महिन्यांपुरतंच.

दुसरं वर्ष हवं असेल तर मात्र गावाकडे जायचं. ठरवून दिलेल्या भागात ठरवून दिलेलं काम तीन महिने केलं, की दुसऱ्या व्हिसाला अर्ज करता येतो. त्यात फळं तोडणं आणि पॅक करणंही येतं. साउथ ऑस्ट्रेलियात रिव्हरलँड म्हणून भाग आहे, रेन्मार्क, बेरी ही गावं. तिथंही संत्र्याच्या बागा. माझं माहेर काटोलचं. दादाच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराच्या तोडीला मजूर मिळत नाहीत म्हणून तो दरवर्षी डोकं धरून बसतो. त्याचाच मुलगा, बी.कॉम., बागेत चप्पल घालूनसुद्धा जात नाही, तो मला विचारून राहिला होता, “आत्या, रेन्मार्कला तोडीचे किती देतात?” मी सांगितलं, नगावर काम असलं तरी तासाच्या किमान मजुरीची हमी द्यावी लागते, २०२२ च्या एप्रिलपासून तसा नियम आहे. दादा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “मी पण देतो. तासाला देतो. येतोस का उद्या?” पोरगा चहा आणायला म्हणून जो गेला, तो जेवायलाच आला.

वडील मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो, “पीआर मिळते का?” म्हणजे कायमचं राहायला मिळतं का. नाही. ब्रिटनचा व्हिसा दोन वर्षांनी संपतो आणि वाढत नाही. ज्याला तिकडे स्थायिकच व्हायचंय त्यानं दुसरा रस्ता बघावा. सोबत मुलंबाळं नेता येत नाहीत, आणि नवरा-बायकोला दोघांनाही जायचं असेल तर प्रत्येकानं आपापलं नाव टाकायचं. दोघांपैकी एकाचंच निघालं तर काय, हे मला कोणी विचारलं की मी प्रिंटरमध्ये कागद भरायला उठते.

तो क्रिकेटवाला आता ऑस्ट्रेलियाच्या मागे आहे. तिथं खेळाचा असा मज्जाव नाही, फक्त एका क्लबात सहा महिने. त्याच्या पॅनवर वडिलांचं नाव नव्हतं, ते आम्ही दुरुस्त करून घेतलं. सत्तावीसचा आहे, अजून वेळ आहे त्याला. संध्याकाळी मैदानावर पोरांना शिकवतो, माझ्या धाकट्यालाही. फी पूर्ण घेतो. फॉर्मचे पैसे मात्र मी त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, असं त्यानंच ठरवून टाकलंय.