रंग गेला की रंग लागला?

गाडीवरचे ओरखडे रंगवून घ्यायला एका पॅनेलला, म्हणजे बॉडीच्या एका भागाला, 3,500 रुपये. डावं मागचं दार, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि पुढचा बंपर असे तीन पॅनेल धरले की 10,500. गॅरेजवाल्यानं हिशोब कागदावर मांडून दिला. दर जास्त होता असं मी म्हणणार नाही, मजुरी आणि पेंट दोन्ही त्यात आलं. पण मृगाच्या तोंडावर, सगळा पैसा बियाण्यात अडकलेला असताना, एवढी रक्कम गाडीच्या दिसण्यावर घालायची हे माझ्यातल्या दुकानदाराला पटेना.

लातूर जिल्ह्यात औशाला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गाडी पांढरी हॅचबॅक, पण वापर निम्मा टेम्पोचाच. मेमध्ये बियाण्याच्या बॅगा, पुढं फवारणीची औषधं आणि अधूनमधून पाहुण्यारावळ्यांची लग्नं. लातूरला गंजगोलाईत 16 रस्ते एका जागी येऊन मिळतात आणि सगळ्या रस्त्यांनी मोटारसायकली येतात. त्यांचे फूटरेस्ट नेमके आपल्या बंपरच्या उंचीला. बंपरच्या कोपऱ्यावरचे काळे फराटे त्यांनीच दिलेले. दारावरचा हातभर लांब पिवळा पट्टा मात्र घरचा. पुतण्यानं गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासली आणि खांबाला पिवळा ऑइल पेंट आहे. फेंडरवरचा चरा दुधाच्या कॅनचा. डेअरीपुढं गाडी उभी होती, दूधवाला कडेनं निघून गेला, त्याला कळलंही नसेल.

"इन्शुरन्स आहे ना काका, टाका की क्लेम," पुतण्या म्हणाला. मी पॉलिसी काढून बसलो. 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले 1,000 रुपये आपल्याच खिशातून जातात. फराटे, पट्टा आणि चरा हे तीन वेगळ्या वेळचे, म्हणजे कागदोपत्री तीन क्लेम. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाच्या किमतीवर निम्मा घसारा. आणि एक जरी क्लेम टाकला तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो पहिल्या वर्षी 20, मग 25, 35, 45 असा चढत 50 टक्क्यांवर थांबतो. माझा 45 वर आलेला. खरचटण्यासाठी तो घालवणं म्हणजे निव्वळ तोटा.

नंतर कामानिमित्त लातूरला गेलो तेव्हा एका वयस्कर पेंटरला गाडी दाखवली. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. चाचांनी बाटलीतलं पाणी अंगठ्यावर घेतलं, पिवळ्या पट्ट्यावर फिरवलं, मग आडवं नख ओढलं. नख कुठं अडकलं नाही. "साब, इसमें तुम्हारा कलर गयाच नै. ये तो खंबे का कलर लगा है." बंपरवरही तेच. फेंडरवर मात्र नख टक् करून अडकलं. "ये गया."

पुढचं सगळं काम मी याच दोन वाक्यांवर केलं. आपण गाडीवर डाग बघतो आणि धरून चालतो की आपला रंग खरवडला गेला. पुष्कळदा उलटं असतं: समोरच्याचा रंग, रबर किंवा प्लास्टिक आपल्या गाडीवर चिकटलेलं असतं. चिकटलेलं काढता येतं. गेलेलं मात्र भरावं लागतं. पाण्याची खूणही उपयोगी आहे. ओलं केल्यावर रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ती वरच्या पारदर्शक थरातच आहे. ओलं असतानाही करडी किंवा काळी दिसली, तर प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा उघडा पडलाय.

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर. हा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा भाग. चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण त्याच्यावरच अवलंबून असतं. पुतण्यानं मोबाइलवर कुणाला तरी वॉटर पेपरनं (पाणी लावून चालवायच्या पॉलिश पेपरनं) दार घासताना पाहिलं होतं आणि तो पेपर आणायला निघालाही होता. त्याला थांबवलं. ज्याच्याकडं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे त्यानं खुशाल पेपर चालवावा.

सुरुवात धुण्यापासून. मे महिन्यात आमच्याकडं गाडीवर पाइप सोडला तर शेजारी बोलतात, आणि बरोबर बोलतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते इथं कुणी विसरलेलं नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं. दुसरी बादली चैन नव्हे. आमच्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे काळी माती आणि मुरमाची कच. ती फडक्यात राहिली की त्याच फडक्यानं आपण गाडीवर नव्या रेघा ओढतो. कोरड्या फडक्यानं झटकून पुसायची आपल्याकडची सवय तर गाडीचा रंग रोज थोडा थोडा खाते. भांड्याची पावडर आणि कपड्याचा साबणही टाळला, त्यानं आधीचं वॅक्स निघून जातं.

बोअरचं पाणी क्षाराचं. ते पत्र्यावर वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात. म्हणून शेवटचा हात जारच्या पाण्यानं फिरवला. आणि हे सगळं सकाळी ऊन वर यायच्या आत, शेडखाली. दहानंतर बॉनेटवर हात ठेववत नाही. त्या पत्र्यावर साबण असो की घासायची पेस्ट, टाकताक्षणी वाळून बसतं आणि नवाच डाग होतो.

धुतल्यावर निम्मे फराटे गेलेच. उरलेले रबराचे. यावर गावात प्रत्येकाकडं उपाय आहे. कुणी रॉकेल सांगतं, कुणी पेट्रोल, कुणी कोलगेट, कुणी नेलपॉलिश काढायचं पाणी. आणि थिनर सांगणारा तर हमखास भेटतो. थिनरचं असं आहे: कंपनीतून आलेला रंग साधारण 140 अंशांना भाजून पक्का केलेला असतो, तो थिनरचा एखादा पुसटता हात सोसतो. पण मध्ये कधी गॅरेजात रंगवलेला पॅनेल असेल तर तिथला रंग तेवढा भाजलेला नसतो, आणि स्वस्तातला असला तर फडक्याबरोबर निघून येतो. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना आपला कुठला पॅनेल कुठं रंगलाय हे बहुधा ठाऊक नसतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. ते रंगालाही वाईट आणि हेडलाइटच्या काचेसारख्या प्लास्टिकला तर त्याहून वाईट. पेट्रोलनं रबर निघतं हे खरं, पण आगीचा धोका पत्करून डाग काढण्यात शहाणपण नाही. कोलगेटला मात्र मी हसणार नाही. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, हलक्या फराट्यावर ती थोडीफार चालते. पण ती दातांच्या हिशोबानं दळलेली असते, आणि वाळली की फटीत पांढरी बसते.

मी डांबर काढायचं स्प्रे वापरलं. फडक्यावर मारायचं, फडकं फराट्यावर थोडा वेळ धरून ठेवायचं, मग पुसायचं. रबर सुटून आलं. लगेच साबणाच्या पाण्यानं जागा धुतली. बंपरच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिकच कापलं गेलंय, ते तसंच ठेवलं. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज चढत नाही, त्यामुळं घाई नाही.

पिवळ्या पट्ट्यानं मात्र घाम काढला. ऑइल पेंट टर्पेंटाईननं थोडा मऊ झाला, जाडसर भाग तेवढ्यावर निघाला. उरलेला रबिंग कंपाऊंडनं. कंपाऊंड म्हणजे घासणारी पूडच, फक्त पेस्टच्या रूपात, त्यामुळं हात हलका पाहिजे. दाराची धार आणि मधली उठावाची रेघ यांवर आधी मास्किंग टेप लावली, कारण तिथं रंग सगळ्यात पातळ असतो आणि बोटांचा जोर नेमका तिथंच पडतो. मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यावर हरभऱ्याएवढं कंपाऊंड घ्यायचं, वीतभर जागेत सरळ मागंपुढं चोळायचं, फडक्याची बाजू बदलायची, पुसून बघायचं. गोल गोल घासलं तर उन्हात जाळी दिसते. फडक्यावर पिवळं येतंय तोवर आपण खांबाचा रंग काढतोय. पांढरं यायला लागलं की थांबायचं. काही गाड्यांच्या साध्या पांढऱ्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथं फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो.

आई ओट्यावर बसून बघत होती. "एवढं घासायलास तर निघून जाईल की रंग!" तिचं म्हणणं चाचांपेक्षा वेगळं नव्हतंच. शेवटचे दोन बारीक पिवळे ठिपके मी तिच्या सांगण्यावरून तसेच सोडले. त्यावर बारीक पॉलिश आणि वॅक्सचा हात दिला. कंपाऊंडनं घासलेल्या जागेवरचं वॅक्स गेलेलं असतं, ते परत द्यावं लागतं. फक्त दाराखालच्या काळ्या, रंग न दिलेल्या प्लास्टिकला कंपाऊंड लागू देऊ नये. खरबरीत असल्यानं ते पांढरं होऊन बसतं. माझ्याकडं थोडं लागलंच होतं, जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी लावून निघालं.

पुतण्यानं खांबाला जुन्या टायरची पट्टी ठोकली. आता घासलं तर काळं लागेल. काळं चालेल, ते निघतं.

आतलं काम सोपं. दारांच्या आतल्या प्लास्टिकवर बुटांचे काळे ओरखडे होते, ते पोरांच्या कंपासमधल्या खोडरबरनं गेले. दाबायचं नाही, फक्त खोडायचं. पांढरा मॅजिक स्पंजही मिळतो. तो ओरखडे काढतो, पण स्वतः अतिबारीक पॉलिश पेपरसारखा चालतो, आणि मॅट प्लास्टिकवर चकाकणारा चट्टा ठेवून जातो. डिकीच्या तोंडाशी असलेली प्लास्टिकची पट्टी म्हणजे वेगळंच प्रकरण. बॅगांची शिलाई, हमालांचा आकडा, ओढून काढलेले कॅन, सगळे वार तिथं. पांढरट पडलेल्या रेघांवर मुलीचा हेअर ड्रायर फिरवला, एका जागी न थांबवता. प्लास्टिक कोमट झालं तसा पांढरेपणा बराच उतरला. आकड्यानं कापलेल्या खाचा मात्र आहेत तशा आहेत. आता तिथं सतरंजीची घडी टाकतो आणि बॅग ओढायची नाही, उचलायची, हे हमालांना दरवेळी सांगतो. ते दरवेळी "हो अण्णा" म्हणतात आणि ओढतात.

राहिला फेंडर. नख अडकत होतं आणि मध्ये ज्वारीएवढ्या जागी पत्रा दिसत होता. कोकणातल्या गाडीला हे एक पावसाळा परवडलं नसतं. आपली हवा कोरडी, गंज सावकाश चढतो, पण चढतोच. बॉनेटखाली गाडीच्या माहितीच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो (काही गाड्यांत तो दाराच्या खांबावर असतो), तो सांगून टचअपची, म्हणजे बारीक चरे भरायच्या रंगाची, बाटली मागवली. नुसतं "पांढरा" सांगून चालत नाही, पांढऱ्यातही पुष्कळ छटा असतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. सॅनिटायझरनं नाही, त्यातल्या ग्लिसरीननं रंग धरत नाही. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा थेंब, तो वाळल्यावर रंग. बाटलीतला ब्रश जाड असतो, म्हणून टूथपिकनं पातळ पातळ थर चऱ्यात सोडले, प्रत्येक थर नीट वाळू देऊन.

चार पावलांवरून दिसत नाही. जवळ गेलं की रेघ ओळखू येते, कारण बाटलीतला पांढरा नवा आहे आणि गाडीचा पांढरा उन्हात थोडा मुरलाय. सगळं सामान मिळून खर्च 1,000 रुपयांच्या आत राहिला. चाचांना परत दाखवलं. दारावर त्यांनी नख फिरवलं आणि काही बोलले नाहीत, फेंडरवर मात्र मान हलवली. गंज येणार नाही म्हणाले, पण दिसायला हवा असेल तर फेंडर पूर्ण रंगवावा लागेल आणि छटा जुळवायला शेजारच्या दारावर थोडा रंग ओढावा लागेल. 4,000 सांगितले. सोयाबीन झाल्यावर बघू म्हणालो.