केसपेपरवरचा जादा 'ए'

केसपेपरच्या पहिल्या ओळीत डॉक्टरांनी काय लिहिलंय, ते ओपीडीच्या दारातच उभं राहून वाचा. बाकीचं पुढे सांगते, पण हे आधी. आमचे पाच महिने त्या एका ओळीत गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

माझी धाकटी बहीण आता सत्तावीस वर्षांची आहे. तिला विचारून, तिला वाचून दाखवूनच हे लिहितेय. तिला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (बीपीडी) आहे हे कळायला चार वर्षं लागली. पहिल्या डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, दुसऱ्यांनी बायपोलर, म्हणजे मूड कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो तो आजार. त्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. हे आजार वरून एकमेकांसारखे दिसतात आणि एकाच माणसात दोन असूही शकतात. बायपोलर म्हणून लिथियम हे औषध सुरू झालं, म्हणजे त्याची रक्तातली पातळी, थायरॉईड, किडनीसाठी क्रिएटिनिन तपासणं आलंच. फरक पडत नव्हता, तेव्हा घरातले सगळे तिलाच विचारायचे, गोळ्या वेळेवर घेतेस ना?

मग एका समुपदेशक बाईंनी विचारलं, "मूड बदलला की किती वेळ तसाच राहतो?"

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. बायपोलरमध्ये चढलेला मूड निदान चार दिवस टिकतो, तीव्र असेल तर आठवडाभर किंवा जास्त. आमच्याकडे सकाळी "ताई, तुझ्याशिवाय मला कोणी नाही", दुपारी मैत्रिणीने फोन उचलला नाही म्हणून दार लावून रडणं, आणि संध्याकाळी भेळ आणायला निघालेली. सगळं काही तासांत, आणि मागे दर वेळी एकच भीती, की कोणीतरी आपल्याला सोडून जाणार. बाईंनी चिठ्ठी दिली: बीपीडी असावं, सविस्तर तपासणी व्हावी. खासगीत तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो.

तिथल्या निवासी डॉक्टरांसमोर चिठ्ठी ठेवली. बाहेर चाळीसेक माणसं बसलेली. त्यांनी जुनी लिथियमची चिठ्ठी पाहिली, नवी चाळली आणि लिहिलं, 'नोन केस ऑफ बीपीएडी', म्हणजे बीपीएडीची आधीपासूनची रुग्ण. बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन, बीपीएडी म्हणजे बायपोलर. मधे एक 'ए'. मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं.

चाचण्यांसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मी रजा काढली, आईला गावाहून बोलावून घेतलं. मानसशास्त्र विभागात ज्या कागदावर पाठवलं होतं त्यावरही बीपीएडीच, त्यामुळे त्यांनी मूडची प्रश्नावली भरून घेतली आणि अहवाल दिला, सध्या मूड स्थिर. पुन्हा ओपीडी. डॉक्टर बदललेले. त्यांनी मागच्या पानावरची ओळ उतरवली आणि खाली 'सी.टी. ऑल', म्हणजे औषधं तीच चालू. पुढच्या खेपेला तिसरे डॉक्टर, तीच ओळ, तेच 'सी.टी. ऑल'. दर वेळी मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं की आठ-दहा मिनिटांत पुढचा नंबर पुकारला जायचा. व्यक्तिमत्त्वाचं निदान करायचं तर माणूस शाळेत असल्यापासून कसा आहे ते ऐकावं लागतं, आणि ऐकायला तिथे कुणाला वेळच नव्हता.

त्यात आमची आई. डॉक्टरांनी विचारलं की म्हणायची, "तशी शांत आहे हो. जरा तापट." स्थळं बघणं चालू होतं, तिची भीती मला कळते. पण बहिणीच्या हातावरच्या खुणा पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याखाली होत्या, आणि डॉक्टरांनी आईचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. तुमच्या घरी असं होत असेल तर माहिती सांगायला दुसरं कोणी न्या. आमच्या उपयोगाला आली मावशी. बहीण चौथी ते सातवी तिच्याकडे राहिलेली.

शेवटी आम्ही नोंदींच्या प्रती मागितल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहायचा हक्क दिलाय. अर्ज बहिणीच्या नावाने, सही तिचीच. झेरॉक्स हातात आल्यावर बाईंची चिठ्ठी आणि केसपेपर शेजारी ठेवले, तेव्हा तो 'ए' दिसला. विभागाच्या वरिष्ठ मॅडम कोणत्या वारी बसतात ते विचारून त्या दिवशी सकाळी सातला रांग धरली. मॅडमनी दोन्ही कागद वाचले, 'ए' खोडला, बाजूला सही केली आणि पुढच्या आठवड्यात दीड तास दिला. तिला एकटीला, मग मावशीला, मग मला. आईलासुद्धा वेगळं बसवलं, आणि त्या खोलीत आई पहिल्यांदा खरं बोलली.

अमेरिकन निकषांत बॉर्डरलाइनची नऊ लक्षणं आहेत, त्यातली पाच पुरतात. म्हणजे 256 वेगवेगळ्या प्रकारे निदान बसू शकतं, आणि दोन रुग्णांत एकच लक्षण समान असू शकतं. "आमच्या नात्यातली तशी नाही", असं कुणी म्हणालं तर हे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत तर आधी विकार किती तीव्र ते ठरवतात आणि बॉर्डरलाइन हा नमुना त्याला जोडतात. त्यामुळे दोन कागदांवर नावं वेगळी दिसली तर घाबरू नका.

शाईच्या डागांची दहा कार्डं दाखवतात, त्यावरून परस्पर निदान होत नाही. तो फक्त आधार. आणि माणूस अगदी कोसळलेला असताना चाचणी करू नका. त्या काळात सगळ्यांचंच व्यक्तिमत्त्व वेगळं दिसतं, असं मॅडम म्हणाल्या.

वहीचं राहिलंच. सहा आठवडे मी रोज लिहिलं होतं: किती वाजता बिनसलं, आधी काय घडलं, किती वेळाने सावरली. मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ ती वही वाचली. रात्री फार अवघड झालं तेव्हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोललो, तेही त्यात होतं.

लिथियम मॅडमनीच हळूहळू कमी केलं. स्वतःहून बंद करू नका. आता तिची डीबीटी नावाची, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती ऑनलाइन चालू आहे, कारण आमच्या शहरात ती देणारं कुणी मिळालं नाही.

मागच्या महिन्यात फाईल घेऊन पुन्हा ओपीडीत गेलो. नवे डॉक्टर. त्यांनी जुनं पान उघडून लिहायला घेतलं तशी बहीणच पुढे वाकली आणि खोडलेल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हा 'ए' नाहीये."