कार्दामिलीला कुठे रहायचं आणि काय खायचं (आई-बाबांना घेऊन येणार असाल तर खास)

एप्रिल उजाडला की ओळखीपाळखीतून मेसेज यायला लागतात, ग्रीसला येतोय, सँटोरिनी आणि मिकोनोस ठरलंय, अजून काय करू. यंदा मी सगळ्यांना एकच सांगतेय, त्यातलं एक बेट काढून टाका आणि ते दिवस कार्दामिलीला द्या. विशेषतः आई-बाबा सोबत असतील आणि घरात कोणी शाकाहारी असेल तर नक्कीच.

नवऱ्याची नोकरी शिपिंगमधली, त्यामुळे आम्ही अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात राहतो, आणि सुट्टी मिळाली की आमची गाडी बहुतेक वेळा याच गावाकडे वळते. कार्दामिली बेटावर नाही, ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीस या मोठ्या द्वीपकल्पाच्या दक्षिणेला मानी नावाचा जो डोंगराळ भाग समुद्रात घुसलाय त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. समोर मेसिनियाचं आखात, मागे ताईगेतोसचा डोंगर, २४०० मीटरपेक्षा उंच, आणि मधे ऑलिव्हच्या बागा, दगडी घरं आणि एक मुख्य रस्ता, बस्स एवढंच गाव. अथेन्सच्या किफिसोस बस स्टँडवरून कालामाताला बस जाते, साधारण तीन तास लागतात, आणि कालामाताहून पुढे ३५ एक किलोमीटर केटेल या बस कंपनीची लोकल बस. हा शेवटचा टप्पा पूर्ण घाटाचा आहे, तास लागतो, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्या. रविवारी बस कमी असतात, तेव्हा कालामाताला पोचायचा दिवस बघून ठरवा. जर्मनी-इंग्लंडमधे राहणाऱ्यांना उन्हाळ्यात थेट कालामाताचं विमान मिळतं, त्यांना अथेन्सला यायचीही गरज नाही.

आता रहायचं कुठे. इथे मोठी रिसॉर्टं गावात नाहीत, आहेत ती छोटी हॉटेलं आणि घरगुती रूम्स, म्हणजे खाली मालकांचं कुटुंब राहतं आणि वर किंवा शेजारी दोन-चार स्टुडिओ भाड्याने देतात. मी नेहमी असंच घर घेते. एक तर छोटं किचन मिळतं, फ्रिज, दोन शेगड्या, भांडी, आणि दुसरं म्हणजे मालकीणबाई सकाळी बागेतली लिंबं नाहीतर अंजिरं दारात ठेवून जातात, आज कुठल्या टॅव्हर्नात, म्हणजे इथल्या साध्या खाणावळीत, काय शिजतंय ते सांगतात, आणि आईला भाषा येत नसूनही दोघींचं हातवाऱ्यांवर छान चालतं. फोटोत सुंदर दिसणारी जुनी दगडी घरं मात्र नीट विचारून घ्या, त्यातल्या बऱ्याच घरांना आतून उभा अरुंद जिना असतो आणि झोपायची खोली वर माळ्यावर, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री बाथरूमसाठी उतरणं फार त्रासाचं होतं. तळमजल्याची खोली मागितली तर बहुतेक जण देतात.

जागा तीन प्रकारच्या मिळतात. मुख्य रस्त्यावरची घरं गावाच्या मधोमध, पण तोच कालामाता-आरेओपोली रस्ता आहे, अरुंद, आणि दिवसभर बस, ट्रक, टुरिस्टांच्या गाड्या तिथूनच जातात, त्यामुळे बाल्कनीत बसायचं सुख मिळत नाही. रस्त्यापासून समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या, जुन्या छोट्या बंदराच्या बाजूच्या, त्या मला सगळ्यात आवडतात, दुकान दोन मिनिटांवर, समुद्र दोन मिनिटांवर आणि आवाज शून्य. तिसरी जागा म्हणजे गावाच्या उत्तरेला रित्साचा बीच, तिथे समोरच पाणी आहे, गावात चालत यायला दहा-पंधरा मिनिटं. पोहणाऱ्यांनी रित्सा घ्यावं. फक्त हे लक्षात असू द्या की तिथे वाळू नाही, पांढरे गोटे आहेत आणि पाणी लवकर खोल होतं, रबरी बूट घेऊन या. वाळूच हवी असेल, लहान मुलं असतील, तर थोडं दक्षिणेला स्तूपा गाव आहे, पण तिथे गर्दी जास्त. डोंगरावरच्या प्रोआस्तिओ, एक्सोखोरी या गावांतही घरं मिळतात, नजारा अफाट आहे, पण स्वतःची गाडी नसेल तर तिकडे जाऊ नका.

खर्चाची जरा ऐपत असेल त्यांच्यासाठी अजून एक सांगते. गावाच्या दक्षिणेला कालामित्सीच्या खाडीवर पॅट्रिक ली फर्मर या इंग्रज लेखकाने १९६०च्या दशकात बांधलेलं घर आहे, त्याने आणि त्याच्या बायकोने ते अथेन्सच्या बेनाकी म्युझियमला देऊन टाकलं, २०११ मधे तो गेला, नंतर घराची दुरुस्ती झाली आणि आता उन्हाळ्यातले काही महिने तिथे राहता येतं. आम्ही राहिलेलो नाही, पण घर बघायला जाता येतं, आधी बुकिंग करावं लागतं, आणि गोट्यांची नक्षी केलेली अंगणं आणि समुद्राकडे उघडणारी ती बाग बघून मी कितीतरी वेळ तिथून हललेच नव्हते.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी, कारण या कोणी आधी सांगत नाही. रूमच्या भाड्याव्यतिरिक्त सरकारी कर द्यावा लागतो, २०२४ पासून नव्या नावाने सुरू झालाय, दर रात्री दर रूममागे, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त, आणि बऱ्याचदा तो तिथेच वेगळा घेतात. टॉयलेट पेपर कमोडमधे टाकायचा नाही, पाइप बारीक असतात, शेजारच्या डब्यात टाकायचा. आपल्यासारखा हँड शॉवर टॉयलेटपाशी नसतो, एक मग बॅगेत टाका. दुपारी ३ ते साडेपाच गाव झोपतं, हा उन्हाळ्यातला शांततेचा अधिकृत वेळ आहे, त्यावेळी बाल्कनीतून जोरात व्हिडिओ कॉल लावू नका, शेजाऱ्यांना खरंच त्रास होतो.

खाण्याबद्दल मात्र मला भरभरून बोलायचंय, कारण युरोपात शाकाहारी माणूस ब्रेड आणि बटाट्यावर दिवस काढतो हा समज इथे पूर्ण मोडतो. माझी आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि ती इथे रोज पोटभर आणि रोज वेगळं जेवली. याचं कारण इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास. बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधीचा मोठा उपास, १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाआधीचा पंधरवडा, एवढे दिवस धार्मिक घरांत मांस, अंडी, दूध काही चालत नाही, त्यामुळे भाज्या आणि कडधान्यं ऑलिव्ह ऑइलमधे शिजवायची पूर्ण परंपराच तयार झालीय. फासोलाकिया म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या शेंगा, ब्रियाम म्हणजे वांगी-बटाटा-झुकिनी ओव्हनमधे भाजून, यिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या बिया टोमॅटोत, येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, रेविथिया म्हणजे छोले. फावा हे तर पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि तेल, आईने पहिल्या दिवशी खाल्लं आणि नंतर रोज मागवलं. होर्ता म्हणून उकडलेला रानपाला लिंबू पिळून देतात, तो सोडू नका.

पण एक सावधगिरी. उपासाचं म्हणजे आपल्या अर्थाने शाकाहारी नाही. त्यांच्या उपासाला मासे नाहीत पण ऑक्टोपस, कोळंबी, स्क्विड चालतं, त्यामुळे "निस्तीसिमो", म्हणजे उपासाचं, असं ऐकून खुश होऊन मागवू नका. येमिस्तात कधीकधी खिमा असतो, झुकिनीच्या वड्यांत बहुतेक वेळा अंडं आणि चीज. सरळ सांगा, होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस आवगो, म्हणजे मांस, मासे, अंडं नको. वेटर वैतागत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र खरंच कठीण आहे, त्यांनी किचनवाली रूमच घ्या. गावातल्या दुकानात तांदूळ, मसूर, छोले, भाज्या, आणि मेंढीच्या दुधाचं घट्ट दही मिळतं, हिंग-हळद-जिरं घरून आणा.

भाज्यांचे हे पदार्थ दुपारीच खा असं माझं ठाम मत आहे. ते सकाळी मोठ्या ट्रेमधे शिजतात आणि दुपारी दीड-दोनला सगळ्यात छान लागतात, ग्रीक लोक ते कोमटच खातात, परत गरम करा म्हणू नका, चव उतरते. मेनूकार्डावर पन्नास पदार्थ असले तरी आज काय केलंय एवढंच विचारायचं. रात्रीचं जेवण इथे नऊनंतर सुरू होतं, सातला गेलात तर टॅव्हर्नात तुम्ही एकटेच असाल, पण सूर्य समोर आखाताच्या पलीकडे मावळतो म्हणून आई-बाबांना घेऊन लवकर जाऊन बसायला मला तरी फार आवडतं.

बाबा मासे खातात, त्यांच्यासाठी शिकलेली गोष्ट अशी की मोठ्या माशांचा भाव किलोवर लिहिलेला असतो, आत नेऊन मासा दाखवतात, वजन करून किंमत सांगतील तेव्हाच हो म्हणा. गावरोस आणि सार्देलेस हे छोटे तळलेले मासे प्लेटच्या भावात मिळतात, स्वस्त आणि ताजे. मेनूवर पदार्थापुढे चांदणी असेल तर तो फ्रोझन, हे सांगणं त्यांना बंधनकारक आहे. ब्रेड न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. बिल हातात आलंच पाहिजे, पावती दिली नाही तर गिऱ्हाइकाला पैसे द्यायचं बंधन नाही असं मेनूवरच छापलेलं असतं.

मानीचं स्वतःचं म्हणून काही खायचं तर लालांगिया, पिठाच्या तळलेल्या लांब पट्ट्या, आणि स्फेला हे खारट चीज, तव्यावर परतून. सिग्लिनो म्हणजे धुरावलेलं पोर्क, संत्र्याच्या सालीचा वास असतो, ते खाणाऱ्यांनी जरूर खा. गोडात दिप्लेस, मध आणि अक्रोड घातलेल्या कुरकुरीत गुंडाळ्या.

जेवण जिरवायला जुन्या कार्दामिलीत चालत जा, गावाच्या मागेच आहे. मुर्त्झिनोस घराण्याचा दगडी बुरूज आणि सेंट स्पिरिडॉनचं चर्च तिथे आहे. १८२१च्या जानेवारीत ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती कोलोकोत्रोनिस झाकिंथोस बेटावरून येऊन याच घराण्याकडे उतरला होता, आणि मार्चमधे मानीच्या लोकांनी जाऊन कालामाता तुर्कांकडून घेतलं. तिथून वर अयिया सोफियापर्यंत जुनी दगडी पायवाट जाते, बाबा काठी घेऊन पूर्ण चढले, आई बुरुजापाशी सावलीत बसली.

इथे यायचं तर मे-जूनमधे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला या. ऑगस्टमधे भाडी बरीच चढतात आणि पार्किंगला जागा नसते, नोव्हेंबरनंतर बरंच काही बंद होतं. व्हिसाच्या फाइलला रहायच्या जागेचा पुरावा लागतो आणि घरगुती रूमवाले नुसतं "ओके" असं मेलवर कळवतात, तेवढ्याने भागत नाही, त्यांना सगळ्यांची पासपोर्टवरची नावं पाठवून तारखांसकट पत्र मागून घ्या, ते आनंदाने देतात, फक्त त्यांच्या झोपेच्या वेळेत फोन करू नका.